थकलेले हृदय आणि लघवीची गोळी



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य गेटसभांत आणि बोनसच्या वाटाघाटींत गेले. पण आमचे जुने सभासद आता पंचाहत्तरीला आले. त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर बहुधा फुरोसेमाइड हे नाव असते, म्हणून आम्हांला पुस्तके चाळावी लागली.

हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते. शरीरात पाण्याचा तुटवडा आहे असे समजून ती मीठ आणि पाणी अडवून धरतात. ते पाणी पायांत उतरते, फुफ्फुसांत साचते. म्हाताऱ्याला आडवे होता येत नाही, उशांवर उशा रचून तो रात्र बसून काढतो. ही गोळी मीठ बाहेर काढते, आणि पाणी मिठामागून जाते. सूज फार वाढली, आतडीही सुजली, म्हणजे गोळी नीट लागू पडत नाही. मग इस्पितळात शिरेतून औषध द्यावे लागते.

१९१९ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल या विद्यार्थ्याने उपदंशाच्या एका रुग्ण मुलीला पाऱ्याचे इंजेक्शन दिले, तेव्हा तिची लघवी एकाएकी वाढली. रोज मोजून नोंदत होते म्हणून ते कळले! आजही मोजणे सुटलेले नाही. सकाळी शौचाहून आल्यावर, खाण्यापूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना गाठावे. उलट वजन उतरते आहे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तर पाणी जास्त गेले असेल. म्हातारपणी मूत्रपिंडे नाजूक, सोडियम-पोटॅशियम तपासावेच लागते. सांधेदुखीच्या पुष्कळ गोळ्या पाणी अडवतात, त्या मनाने घेऊ नयेत.

१९९९ च्या एका मोठ्या चाचणीत स्पायरोनोलॅक्टोन या सौम्य मूत्रल औषधाने गंभीर रुग्णांतील मृत्यू तीस टक्क्यांनी घटले. पण चिठ्ठीवर लिहिलेली गोळी पोटात जाते का? आमचे म्हातारे ती चुकवतात. चाळीतला संडास व्हरांड्याच्या टोकाला, पुढे रांग, एस. टी.चा प्रवास असला तर विचारूच नका. बायका तर पाणीही पीत नाहीत. गोळीचा अंमल सहाएक तास असतो. डॉक्टरांना विचारून तिची वेळ पुढेमागे करता येते, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

आम्ही चाळसमित्यांकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत: मजल्यागणिक एक वजनकाटा, आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा. काटे दोन मजल्यांवर आले. दिव्याच्या बिलावरून अजून वाद चालू आहे.