पैशाची विवंचना आणि मनाची मरगळ
(शिवार फेरीनिमित्त भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सोयाबीन अधिक तूर आंतरपीक' असे छापले आहे. संयोजकांची परवानगी घेऊन आज मी विषय बदलतो आहे. आंतरपिकाची घडीपत्रिका दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, ती जाताना जरूर घेऊन जावी. मला जे बोलायचे आहे ते माझ्या घरी घडलेले आहे.

माझे थोरले बंधू गावी शेती करतात. २०२१ साली सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांवर गेला, हे आपणा सर्वांच्या लक्षात आहेच. त्या भरवशावर दादाने मोटार घेतली, पाइपलाइन टाकली, हातउसने घेतले. पुढे भाव उतरत गेले. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि दादाचा माल बाजारात चार हजारांच्या आसपास गेला. त्यानंतर त्याने वावरात जाणे कमी केले. पारावर बसणे बंद झाले. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. आम्हाला वाटले, आळस आला. मी तर दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्याला हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर तासभर ऐकवून आलो. शेवटी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे रात्री उठून अंगणात बसून राहतात, जेवणावर मन नाही. तुम्ही एकदा येऊन जा." मी दरवर्षी शेकडो शेतकऱ्यांशी बोलतो, आणि घरचा माणूस कोमेजत चालला हे मला फोनवर कळले.

चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन पिवळे पडते तेव्हा पुष्कळजण युरिया टाकतात. कमतरता असते लोहाची. युरियाचा पैसा जातो आणि पीक पिवळे ते पिवळेच राहते. दादाच्या बाबतीत आम्ही तेच करीत होतो. उपदेश हा आमचा युरिया. त्याला झालेल्या गोष्टी दोन होत्या, एक कर्ज आणि दुसरे आजारपण. दोन्ही एकमेकांना पोसत होत्या, पण दोहोंचा इलाज वेगळा आहे, हे आधी ओळखावे लागते.

प्रथम कर्जाचे सांगतो. मी दादाला विचारले, एकूण देणे किती? तो म्हणाला, "सात-आठ लाख असेल." आम्ही मुलाच्या वहीची मागची पाने उघडली आणि वहिनींना जवळ बसवून एकेक रक्कम लिहिली. सोसायटीचे पीक कर्ज १ लाख २० हजार, खासगी सावकाराचे ८० हजार, नातेवाइकाचे ५० हजार, कृषी केंद्राची उधारी ४६ हजार, मोटारीचे राहिलेले हप्ते ३४ हजार. बेरीज ३ लाख ३० हजार. रक्कम लहान नव्हे. परंतु रात्री तीन वाजता डोक्यात जी बेरीज होते ती नेहमी चुकीची असते, हे मी त्या दिवशी पाहिले.

मग प्रत्येक रकमेपुढे व्याज लिहिले, आणि तिथे खरी कीड सापडली. सावकाराचा दर शेकडा तीन रुपये महिना. ऐकायला तीनच रुपये, पण वर्षाचे ३६ टक्के होतात. ८० हजारांवर महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये नुसते व्याज! उलट सोसायटीचे पीक कर्ज ३ लाखांपर्यंत मुदतीत भरले तर सवलतींमुळे व्याज जवळजवळ पडतच नाही. दादा मात्र सोसायटीच्या नोटिशीला घाबरून सावकाराकडून घेत होता. वहिनींनी आपणहून पोत काढून दिली, ती बँकेत सोनेतारण ठेवून सावकार मोकळा केला. याचे त्यांना वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. नातेवाईक एक वर्ष थांबायला तयार झाले. कृषी केंद्रवाल्याने अर्धे तुरीवर घ्यायचे कबूल केले. दोघांकडेही दादा सहा महिने तोंड चुकवीत होता. देणेकऱ्याने स्वतः जाऊन तारीख सांगितली की समोरचा बहुधा ऐकतो. न सांगता गायब राहिले की त्याचाही संशय वाढतो.

ज्यांच्या गावात दुष्काळ किंवा आपत्ती जाहीर झाली असेल त्यांनी पीक कर्जाच्या पुनर्गठनाविषयी बँकेत किंवा गटसचिवाकडे चौकशी करावी. मुदत वाढून मिळते, मात्र वाढीव मुदतीचे व्याज समजून घेतल्याशिवाय सही करू नये. आणि सावकाराविषयी एक लक्षात ठेवा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारकासाठीही शासनाने २०१४ साली दर ठरवून दिले, ते शेतकऱ्याला तारणी कर्जास वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जास १२ टक्के. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून दिले असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाल्यास जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

आता मनाचे. वहीतला हिशेब लागला म्हणून दादा दुसऱ्या दिवशी हसायला लागला नाही. झोप, भूक, कामाची आवड जाणे, चिडचिड, अंग दुखणे, आपण घराला ओझे झालो असे वाटणे, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले तर ते दुखणे समजावे. त्याचे नाव नैराश्य. तो भित्रेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अंगाऱ्या-धुपाऱ्यावर आमच्याच गावात लोकांनी शेळ्या विकलेल्या आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दादाला नेले. तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या, मोठा खर्च आला नाही. एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गेले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. त्यांची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. सवय दारूची लागते, आणि दारूने त्या रात्रीपुरती झोप आली तरी मन आणखी खचते.

प्रत्येकाला गोळ्या लागतातच असे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत संगाथ या संस्थेने 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबविला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी ऐकून घेण्याचे, धीर देण्याचे व गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठविण्याचे काम केले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्या शंभरांपैकी आधी सुमारे चारच जण मदत घेत होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही निम्म्यावर आले.

घरी आम्ही एक साधी गोष्ट केली. मन खचले की माणूस काम सोडतो, आणि काम सोडले की मन आणखी खचते. म्हणून रोज रात्री वहिनी उद्याचे एकच काम लिहून ठेवीत. धुऱ्यावरून एक फेरी, गाईला पाणी, पारावर पाव तास. इच्छा झाल्यावर नव्हे, वेळ झाल्यावर करायचे. पहिले काही दिवस दादा रागावला. साधारण महिन्याने त्याने आपणहून तुरीचे शेंडे खुडले की नाही ते विचारले. उशीर झाला होता, पण मला फार बरे वाटले!

कृषिविद्येचा माणूस म्हणून एक बोलणे माझे कर्तव्य आहे. कीटकनाशके गरजेपुरतीच आणावीत, राहत्या घरात ठेवू नयेत, कुलपात ठेवावीत. घरात कोणी खचलेला असेल तर किल्ली दुसऱ्याकडे, शक्यतो शेजाऱ्याकडे असावी. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. तो विचार लाटेसारखा येतो आणि पुष्कळदा काही वेळाने ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही नसावे आणि जवळ माणूस असावे. शंका आली तर सरळ विचारावे, "जिवाचे काही वाईट मनात येते का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मी हा प्रश्न दादाला विचारला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग "हो" म्हणाला. त्या रात्री मी त्याच्या शेजारी बाज टाकली.

१४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, तो रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येते. घडीपत्रिकेच्या मागे मी तो शाईने लिहून ठेवला आहे.

दादाचे अजून १ लाख ९० हजार देणे आहे. पोत बँकेतच आहे. या वर्षी त्याने दोन एकरांत ज्वारी घेतली, घरच्या खाण्याला आणि कडब्याला.

आता तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी माझे सहकारी बोलतील. मी चार वाजेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसतो. ज्यांना वही घेऊन बसायचे असेल त्यांनी यावे. नाव विचारणार नाही.