घर बांधण्यापूर्वीचा हिशेब



नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात नांदलेली आणि पुढे रायपूर व नागपूर एकाच प्रांतात असताना नोकरी-वकिलीच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली अनेक मराठी घराणी रायपुरात आहेत. समता कॉलोनीत, किंवा महाराष्ट्र मंडळाची वास्तू जेथे आहे त्या शेजारच्या चौबे कॉलोनीत, अशा घराण्यातील एखादा गृहस्थ जुने घर उतरवून नवे स्वतंत्र घर बांधावयास निघाला, म्हणजे त्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो चौरस फुटाला सध्या काय भाव चालला आहे, हा. आज माझे आग्रहाचे सांगणे आहे ते हे की, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. कारण त्या एका आकड्यात घराच्या जोत्याखाली काय आहे ते येत नाही, आणि गिलावा झाल्यानंतर काय उरते तेही बहुधा येत नाही. आणि अंदाजपत्रक कोसळते ते नेमके याच दोन ठिकाणी.

प्रथम जमिनीचा विचार करू. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या मातीला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार नावांनी ओळखतो. भाटा ही तांबूस, खडेमिश्रित माती, मटासी पिवळसर, कन्हार म्हणजे काळी, भारी, चिकण माती, आणि डोरसा ही मटासी व कन्हार यांच्या मधली. धान पेरणाऱ्यास हा भेद जितका महत्त्वाचा, तितकाच घर बांधणाऱ्यासही आहे. कन्हार पावसात फुगते, वैशाखात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उथळ पायाने उभ्या राहिलेल्या भिंती दोन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरत जातात. अशा जमिनीत पाया खोल न्यावा लागतो, चर मुरमाने भरून धुमस करावी लागते, जोत्याच्या पातळीवर बीम फिरवावा लागतो. आणि थर फारच खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे स्तंभ भूमीत उतरवावे लागतात. एकाच नकाशाच्या दोन घरांच्या खर्चात एवढ्याने मोठे अंतर पडू शकते. म्हणून नकाशा मंजुरीस धाडण्यापूर्वीच प्लॉटच्या दोन-तीन जागी खड्डे घेऊन अभियंत्याकडून माती पाहून घ्यावी. तो खर्च एकूण रकमेच्या मानाने नगण्य असतो, आणि तो वाचविणारे लोक पाहिले की मला खरोखर वाईट वाटते.

आता दुसरे टोक. मक्तेदाराच्या भावात कुंपणाची भिंत, फाटक, मलकुंड, जमिनीखालील पाण्याची टाकी, बोअर, विजेची जोडणी, नगर निगमचे शुल्क आणि स्वयंपाकघरातील कपाटे यांपैकी काय धरले आहे, हे करारनाम्यात बाबवार लिहून घ्यावे. जे लिहिलेले नाही ते धरलेले नाही, असेच समजावे. या सर्वांवर शेकडा दहा तरी रक्कम आकस्मिक खर्चासाठी निराळ्या खात्यात ठेवावी आणि फरशीचा मोह झाला तरी त्या रकमेला हात लावू नये.

पोलाद आणि सिमेंट यांच्या बाबतीत रायपूरकर भाग्यवान आहे. एका बाजूस भिलाई, दुसऱ्या बाजूस उरला व सिलतऱ्याचे कारखाने, आणि चुनखडीच्या या प्रदेशात सिमेंटचे उत्पादनही मोठे. तथापि माल जवळचा म्हणून तो मोजून घेण्याचे टाळू नये. बारा मिलिमीटर जाडीची, बारा मीटर लांबीची सळई सुमारे १०.६५ किलो भरली पाहिजे. दहा सळया काट्यावर ठेवाव्यात, म्हणजे बिलातील वजन खरे की नाही ते तेथेच कळते. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्यापूर्वीचे दरपत्रक असल्यास ते नव्याने मागवावे.

कर्जाविषयी थोडक्यात सांगतो. कर्जाची रक्कम ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंत असेल, तर बँकेला मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक कर्ज देता येत नाही. शेकडा साडेआठ दराने वीस वर्षांच्या मुदतीचे ४० लाख घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये पडतो, आणि मुदतीअखेर भरलेली एकूण रक्कम ८३ लाखांवर जाते. बांधकाम चालू असता भाड्याच्या घरात राहावे लागले, तर तितके महिने भाडे आणि व्याज दोन्ही एकाच पगारातून जातात. ही दुहेरी तरतूद कीर्दीत पहिल्या पानावर असावी. बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते, तसेच आपणही मक्तेदारास जोते, स्लॅब, गिलावा असे काम पाहून द्यावेत, आणि शेवटचा हप्ता पहिला पाऊस छतावर पडून जाईपर्यंत राखावा, अशी अट करारातच घालावी.

राहिला काळाचा प्रश्न, आणि रायपुरात तोही पैशाचाच प्रश्न आहे. दसरा-दिवाळीनंतर पाया खणावा आणि स्लॅब मार्चपूर्वी आटोपावा. कारण मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, काँक्रीटला दिवसातून अनेकदा पाणी मारूनही ते पुरेसे होत नाही, आणि पाण्याचे टँकर विकत घ्यावे लागतात. पावसाळ्यात महानदीच्या पात्रातील रेतीचा उपसा बंद असतो व भाव चढतात, म्हणून गिलाव्याला लागणारी सारी रेती मेअखेरपर्यंत आवारात आणून, ताडपत्रीने झाकून ठेवावी.