रोग, रोगी आणि संग्रह : वैद्यकीय इतिहासाची संग्रहालये कोणासाठी?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त गास येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)





सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संग्रहालयांवर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे एक प्रश्न उभा राहतोच. साठलेल्या वस्तूंपैकी काय जपावे, काय टाकावे आणि जे जपावयाचे ते कोणासाठी? वैद्यकीय इतिहासाची संग्रहालये आज जगभर याच प्रश्नाला सामोरी जात आहेत.

आपल्या परिसरापासूनच आरंभ करू. शेजारच्या सोपाऱ्यातील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. हे पंडितजी ज्यांच्या सहवासात संशोधक म्हणून घडले, ते डॉ. भाऊ दाजी लाड व्यवसायाने वैद्य होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. गरिबांची मोफत चिकित्सा करणारे, कुष्ठरोगावर देशी वनस्पतींतून औषध शोधू पाहणारे भाऊ दाजी जुनी नाणी व शिलालेखही तितक्याच आस्थेने गोळा करीत. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ पासून त्यांचेच नाव धारण करून उभे आहे. सोपारा-भुईगाव परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. त्याच लेखमालेतील दुसऱ्या लेखात मनुष्य आणि पशू या दोघांच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. तात्पर्य, चिकित्सा, करुणा आणि संग्रह यांचे नाते या भूमीला नवे नाही.

आधुनिक वैद्यकीय संग्रहालये मात्र निराळ्या गरजेतून जन्मास आली. रोगाने ग्रासलेले यकृत वा फुप्फुस कसे दिसते, हे विद्यार्थ्याला दाखविण्यासाठी काचेच्या बरण्यांत अवयव जतन केले जात. बरणीवर रोगाचे नाव असे; रोग्याचे नसे. पुढे छायाचित्रे, सूक्ष्मदर्शकाखालील तपासण्या आणि संगणकावरील प्रतिमा आल्या, तसे या बरण्यांचे अध्यापनातील महत्त्व उतरले. मग त्या टाकून द्याव्यात काय?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही विचारात घेतली पाहिजेत. बर्लिनच्या वैद्यकीय संग्रहात १९१२ साली गोवराने दगावलेल्या दोन वर्षांच्या एका बालिकेचे फुप्फुस जतन केलेले होते. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्यातून गोवराच्या विषाणूची जनुकीय रचना वाचली. हा रोग मानवात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमारासच आला असावा, असा तर्क त्यावरून करता आला. शंभर वर्षे स्वस्थ पडून असलेली वस्तू अशी एकाएकी बोलू लागते. जे आज निरुपयोगी वाटते, ते उद्याही निरुपयोगीच ठरेल असे नाही.

दुसरे उत्तर अंतर्मुख करणारे आहे. सुमारे साडेसात फूट उंचीचे चार्ल्स बर्न हे आयरिश गृहस्थ १७८३ साली लंडनमध्ये वारले. आपला देह शल्यविशारदांच्या हाती पडू नये म्हणून तो समुद्रात विसर्जित करावा, अशी त्यांची इच्छा होती. जॉन हंटर या नामांकित शल्यविशारदाने तो देह मिळविलाच. त्यांचा सांगाडा दोनशेहून अधिक वर्षे लोकांनी कुतूहलाने पाहिला. २०२३ साली हंटेरियन संग्रहालय नव्याने खुले झाले तेव्हा तो प्रदर्शनातून काढण्यात आला. संशोधनासाठी मात्र संग्रहातच ठेवला गेला. निर्णय अर्धवट आहे असे अनेकांना वाटते. तरीही संग्रहालयाने मृताच्या इच्छेची दखल घेतली, हा बदल लहान नव्हे. शरीर नश्वर आहे हे आपण जाणतो. परंतु म्हणून ते कोणाच्याही मालकीचे ठरत नाही.

आपल्या मुंबईतही हा बदल पाहावयास मिळतो. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० साली निराधार कुष्ठरुग्णांचा आश्रय म्हणून सुरू झाले. ते ज्यांच्या नावे ओळखले जाते, ते महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे तेच गृहस्थ! या रुग्णालयाच्या आवारात आज कुष्ठरोगाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी औषधांच्या बाटल्यांइतकेच कायद्यांचे कागदही बोलके असतात. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णाला केवळ रोगी म्हणून पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली होती. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात टिकून होते. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला १९८० च्या दशकात. म्हणजे औषध आले, तरी माणसाला माणूस म्हणून स्वीकारण्यास समाजाने आणखी तीन दशके घेतली. ही तीन दशके कोणत्याही बरणीत दिसत नाहीत. ती दाखविणे, हेच आता संग्रहालयांचे कार्य आहे.

परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास हीच गोष्ट सांगतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हा त्याग आपण अभिमानाने सांगतो. परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी दूषित लसीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले, हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. कोविडच्या काळात लसीविषयीची शंका आणि भीती आपण घराघरांत अनुभवली. ज्या संग्रहालयात यशाबरोबर ते १९ जणही असतील, त्याच्यावरच लोक विश्वास ठेवतील.

आता आपल्या समाजाला अधिक जवळचा विषय. हेन्री वेलकम या धनाढ्य औषध-उद्योजकाने वैद्यकाच्या इतिहासासाठी दहा लाखांहून अधिक वस्तू जमविल्या. त्यांचे प्रतिनिधी डॉ. पैरा मल यांनी १९११ पासून सुमारे दशकभर भारतात हिंडून हस्तलिखिते मिळविली. वेलकम यांच्या संग्रहात दोन हजारांहून अधिक जैन हस्तलिखिते गेली, आणि भारतीय उपखंडाबाहेरील सर्वांत मोठा जैन हस्तलिखित-संग्रह म्हणून त्याची ख्याती झाली. ती लंडनमध्ये सुरक्षित राहिली, याबद्दल कृतज्ञताही असावी. परंतु प्रत्येक पोथी कोणत्या भांडारातून गेली, देणाऱ्याला पूर्ण कल्पना होती काय, त्याला योग्य मोल मिळाले काय, हे विचारणे आता संग्रहालयांनाच आपले कर्तव्य वाटू लागले आहे. २०२२ साली वेलकम संस्थेने आपले एक जुने दालन बंद केले. त्या मांडणीत गोळा करणाऱ्याचा गौरव होता, ज्यांच्या त्या वस्तू होत्या त्यांना स्थान नव्हते, हे संस्थेनेच मान्य केले.

तथापि दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या घरात पाहू या. राष्ट्रकूटकालीन आचार्य उग्रादित्य यांनी मद्य, मांस व मधु वर्ज्य करून चिकित्सा सांगणारा ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ रचला. तो आज आपल्याला वाचता येतो, कारण कोणी तरी त्याच्या प्रती सांभाळल्या आणि वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी तो संपादित करून १९४० साली सोलापुरातून प्रसिद्ध होऊ दिला. शास्त्रदानाचा याहून उत्तम दाखला कोणता? आपल्याकडे घर पाडून नवी इमारत उभी राहते, तेव्हा पोटमाळ्यावरची पोथी, वैद्य आजोबांचा खल-बत्ता, धर्मार्थ दवाखान्याच्या वा पांजरापोळाच्या जमाखर्चाचे चोपडे कोठे जातात? बहुधा रद्दीत वा भंगारात. लंडनला गेलेली पोथी निदान शोधता तरी येते. रद्दीत गेलेली कायमची जाते.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक नम्र सूचना आहे. मोठे दालन बांधण्याची घाई नको. प्रथम एक नोंदवही करावी. घरोघरी असलेल्या अशा वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत, वस्तू कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरली जाई, हे ज्येष्ठांकडून लिहून घ्यावे आणि वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. रुग्णांची नावे असलेले कागद सांभाळावेत, पण उघड करू नयेत. पोथ्यांसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञानभारतम् मोहिमेचे साहाय्य घेता येईल. या कामी वसईतील सर्वधर्मीय बांधवांनाही बोलवावे. सुईणीचे वा हाडवैद्याचे ज्ञान एका समाजापुरते कधीच नव्हते.

ज्याने दुःख भोगले आणि ज्याने ते हलके केले, त्या दोघांचीही स्मृती जपणे हा जीवदयेचाच एक भाग आहे, असे मी मानतो.