ब्रह्मदेशाचा धडा : लोकशाही आणि सीमासुरक्षा



लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या कारावासात लिहिले. त्यामुळे ब्रह्मदेश मराठी मनाला परका नाही. आज मात्र त्या देशाचे स्मरण वेगळ्या कारणासाठी करावयाचे आहे. लोकशाहीला पाठिंबा आणि स्वतःच्या सीमांचे रक्षण यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाची कठोर परीक्षा भारताला तेथेच द्यावी लागली.

१९८८ मध्ये तेथील जनता लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर आली, तेव्हा भारत उघडपणे आंदोलकांच्या बाजूने उभा राहिला. दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात शिकलेल्या आँग सान स्यू ची यांच्या पक्षाने १९९० च्या निवडणुकीत ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने सत्ता सोडलीच नाही. भारताची भूमिका नैतिकदृष्ट्या योग्य होती. पण अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोरम यांना लागून असलेल्या १,६४३ किलोमीटर सीमेचे काय? पलीकडच्या अरण्यांत बंडखोरांचे तळ होते आणि चीनचा प्रभाव वाढत होता. १९९५ मध्ये दोन्ही देशांची सैन्ये बंडखोरांविरुद्ध 'गोल्डन बर्ड' मोहीम राबवीत होती. त्याच सुमारास भारताने स्यू ची यांचा नेहरू पुरस्काराने गौरव केला आणि ब्रह्मी सैन्याने मोहिमेतून अंग काढून घेतले, असे जाणकार सांगतात.

पुढे दिल्लीने लष्करी राजवटीशी व्यवहार वाढविला. सरकारे बदलली, धोरण टिकले. त्याची फळेही मिळाली. मे २०२० मध्ये म्यानमारने ईशान्येतील २२ बंडखोर भारताच्या स्वाधीन केले.

मात्र १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. हजारो निर्वासित मिझोरममध्ये आले. भारताच्या साहाय्याने उभारलेले सित्वे बंदर मे २०२३ मध्ये सुरू झाले. पण त्या बंदराला मिझोरमशी जोडणाऱ्या कलादन मार्गावरील पलेटवा हे गाव जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या सशस्त्र गटाच्या हाती गेले. ज्या राजवटीशी व्यवहार चालू होता, तिचीच सत्ता त्या भूमीवर उरली नाही!

केवळ उपदेशाने सीमा राखता येत नाही, हे १९९५ ने शिकविले. जनतेची मान्यता नसलेली राजवट स्वतःचीही सीमा राखू शकत नाही, हे २०२१ नंतरच्या घटनांनी दाखविले. म्हणून राजवटीशी व्यवहार ठेवावाच. पण लोकशाहीवादी आणि सीमेवरील वांशिक समाज यांच्याशी असलेला संवादही तुटू देऊ नये. ईशान्येतील सीमावर्ती गावांची सुरक्षितता या दोन्हींवर अवलंबून आहे.