चित्रातले स्वप्न आणि स्वप्नाचा आकडा



अतिवास्तववादी चित्राचा अर्थ कसा लावावा, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने घ्यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु स्वप्नांचा अर्थ लावण्याचा उद्योग परळ-लालबागमध्ये जितका जोरात चालला, तितका पॅरिसातही चालला नसेल. आमच्याकडे हा अर्थ आकड्यात निघत असे. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या व बंद भावांवर मुंबईत सट्टा लागे. 1960 नंतरच्या वर्षांत तो थांबला आणि चिठ्ठ्यांचा मटका आला. रात्री साप दिसला की सकाळी त्याचा आकडा. विहीर, प्रेत, नवरी, साऱ्यांचे आकडे सांगणारे जाणकार नाक्यानाक्यावर होते.

1990च्या सुमाराची गोष्ट. 1982चा संप मोडला होता आणि गिरण्या शेवटच्या घटका मोजीत होत्या. आम्ही तेव्हा विशीत होतो. युनियनच्या कचेरीत सतरंज्या घालण्यापासून सगळी कामे करीत होतो. साचेखात्यातला एक बदली कामगार आला आणि म्हणाला, "काल स्वप्न पडलं. साचा धडाधडा चाललाय, पण धोट्यात धागाच नाही." बाकावरच्या एकाने लगेच आकडा सांगितला, दुसऱ्याने तो खोडून वेगळा सांगितला. सगळे हसले, आम्हीही हसलो. त्याने पाच रुपये लावले आणि ते बुडाले. पंधरा दिवसांनी तो मुंबई सोडून कोकणात निघून गेला. "बाबा रे, तुला या स्वप्नाचं काय वाटतं?" एवढे त्याला कोणीही विचारले नाही. आम्हीही नाही.

हीच चूक सुशिक्षित माणूस चित्रासमोर उभा राहून करतो, असे आमचे म्हणणे आहे.

स्वप्नांवरचा फ्रॉइडचा ग्रंथ 1900 या सालाचा. स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारावे, एकेका तुकड्यावरून तुला काय आठवते ते सांग, ही त्याची मूळ रीत. पुढे त्यानेही काही ठरीव प्रतीके मांडली आणि लोकांनी नेमकी तीच उचलली. 1924 साली आंद्रे ब्रेताँने पॅरिसात अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. 1931 साली साल्वादोर दालीने वितळलेल्या घड्याळांचे प्रसिद्ध चित्र रंगवले. तेव्हापासून मुंगी म्हणजे कुजणे, घड्याळ म्हणजे मृत्यू, अशी कोष्टके सुरू झाली. दाली स्वतः सांगे की, ती घड्याळे त्याला वितळणाऱ्या चीजवरून सुचली! कोष्टकवाले आणि मटकेवाले यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

आता आपल्या शहरातला चित्रकार घेऊ. प्रभाकर बरवे यांचा जन्म 1936चा, नागावचा. सर ज. जी. कलाशाळेत शिकून त्यांनी 1961पासून सुमारे वीस वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागवाल्यांसाठी नक्षीकाम करणारे हे सरकारी केंद्र. त्याची मुंबईची कचेरी गिरगावात, मामा परमानंद मार्गावर. म्हणजे हा माणूसही धोट्या-धाग्याच्या जगातलाच. दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर वापरला. घड्याळ, पान, फळ, शंख अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात दूरदूर ठेवल्या. समीक्षक त्यांना अतिवास्तववादाच्या जवळ बसवतात. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचे मराठी पुस्तक जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. 1995 साली ते गेले.

2019 साली काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. आम्ही एका निवृत्त साचेवाल्याला सोबत नेले. "आपल्याला यातलं काय कळणार?" म्हणून तो दारातच अडला होता. घड्याळाच्या एका चित्रापुढे मात्र तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "हे घड्याळ कुठल्या पाळीचं?"

आम्ही पुन्हा चित्राकडे पाहिले. घड्याळाला भिंत नव्हती, खिळा नव्हता, जवळपास माणूस नव्हता. ते कुठल्याच पाळीचे नव्हते. आयुष्यभर भोंग्यावर उठलेल्या आणि भोंगा बंद झाल्यावरही पहाटे दचकून जागे होणाऱ्या माणसाला ते लगेच दिसले. आम्हाला दिसले नव्हते.

कोणी म्हणेल, मग ज्याला जो वाटेल तो अर्थ खरा काय? मुळीच नाही. बरव्यांनी ते घड्याळ गिरणीसाठी काढले, असा आमचा दावा नाही. अर्थ मनात आला की त्याला पुन्हा चित्राकडे धाडावे. चित्रात काय आहे, कशाशेजारी आहे आणि काय मुद्दाम ठेवलेले नाही, हे तपासावे. त्या तपासणीत टिकेल तो अर्थ ठेवावा, न टिकेल तो सोडावा. साचेवाल्याचा प्रश्न या कसोटीला उतरला, कारण त्यामुळे चित्रातली रिकामी जागा आम्हाला दिसली. "घड्याळ म्हणजे मृत्यू" असे म्हणणारा गृहस्थ मात्र चित्र न पाहताच पुढे गेला होता.

तेव्हा श्रोतेहो, चित्रापुढे जाताना विद्वत्ता नसली तरी चालेल, घाई मात्र नको. आणि घरी कोणी सकाळी स्वप्न सांगू लागले, तर अर्थ सांगण्याआधी त्याला विचारा. धोट्यात धागा नाही, म्हणजे काम संपले, असे तो बदली कामगार आम्हाला कदाचित सांगत होता. कदाचित आणखी काही सांगत असेल. आम्ही त्याला आकडा दिला. आज तो भेटला, तर शेजारी बसवून आधी चहा देऊ आणि मग विचारू.