देहदंड की जन्मठेप? प्रश्न शिक्षेच्या निश्चितीचा



एखाद्या निर्घृण हत्येचे वृत्त येते, समाजमन हादरते आणि ‘फासावर चढवा’ ही एकच मागणी दुमदुमू लागते. त्याच वेळी दुसरीकडून देहदंडच मुळातून रद्द करावा, असा आग्रह धरला जातो. एका पक्षाला निर्दय आणि दुसऱ्याला गुन्हेगारांचा कैवारी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष वा लेक मारली गेली, त्या घराच्या पदरात या शब्दयुद्धातून काहीच पडत नाही. म्हणून हा विषय आवेश बाजूला ठेवून तपासला पाहिजे.

प्रथम कायद्याची वाटचाल पाहू. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यात देहदंड हा नियम होता. तो न दिल्यास न्यायाधीशांना त्याची कारणे नोंदवावी लागत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हे बंधन दूर झाले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर पारडेच फिरवले. जन्मठेप हा नियम ठरला आणि देहदंडासाठी ‘विशेष कारणे’ आवश्यक झाली. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देहदंडाची घटनात्मक वैधता मान्य केली; मात्र तो ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरताच असावा, असे बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही खुनासाठी देहदंड वा जन्मठेप हे दोन्ही पर्याय कायम आहेत.

देहदंडाच्या मागणीमागे बहुतेक वेळा एक गैरसमज असतो. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग खुनी पुन्हा मोकळा!’ वास्तविक जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्यभराचा कारावास, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले आहे. चौदा वर्षांची अट १९७८ च्या दुरुस्तीने आली, ती गुन्हेगाराला सवलत म्हणून नव्हे. ज्या गुन्ह्याला देहदंडाचीही तरतूद आहे, त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी शासनाने शिक्षेत सूट देऊन सोडू नये, हा तिचा हेतू. किमान मर्यादेला लोकांनी कमाल मर्यादा मानले, हीच या गैरसमजाची गोम होय. पुढे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरावीक दीर्घ काळापर्यंत वा आमरण कोणतीही सूट न मिळणारी जन्मठेप देण्याचा मार्ग खुला केला आणि २०१५ साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. फास आणि चौदा वर्षे यांच्या दरम्यान एक कठोर, प्रामाणिक शिक्षा आज उपलब्ध आहे.

आपल्या परंपरेनेही या प्रश्नाची एकच बाजू पाहिलेली नाही. अतिकठोर दंडाने प्रजा उद्विग्न होते, अतिसौम्य दंडाने राजाची अवहेलना होते आणि यथायोग्य दंडच आदरास पात्र ठरतो, असे कौटिल्याचे प्रतिपादन आहे. महाभारताच्या शांतिपर्वात द्युमत्सेन आणि सत्यवान या पितापुत्रांचा याच विषयावर संवाद आहे. अपराध्याचा वध केला की त्याची निरपराध माता, पत्नी आणि मुलेही मारली जातात, असे पुत्र म्हणतो. दुष्टांना दंड न केल्यास मर्यादाच उरणार नाहीत, असे पिता म्हणतो. दोघांचीही चिंता धर्माचीच आहे. संविधान सभेत जून १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अहिंसेच्या परंपरेचा दाखला देत देहदंड रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते. विधी आयोगाने १९६७ साली देहदंड ठेवावा, असे मत दिले. २०१५ साली त्याच आयोगाने दहशतवाद आणि राष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे वगळता तो रद्द करावा, अशी शिफारस केली.

महाराष्ट्राच्या अनुभवातील तीन प्रकरणे येथे उद्बोधक ठरतील. पुण्याला १९७६-७७ मध्ये हादरवून सोडणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी देण्यात आली. तपास, खटला, अपील आणि दयेचा अर्ज हे सारे टप्पे सहा-सात वर्षांत पार पडले. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात २००१ साली देहदंड झाला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि दयेच्या अर्जांवरील निर्णयाला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्या शिक्षेचे जन्मठेपेत रूपांतर करावे लागले. येथे कायदा दुबळा नव्हता. दुबळी होती ती फायलींची वाटचाल.

तिसरे प्रकरण अधिक अंतर्मुख करणारे आहे. २००३ सालच्या दरोडा, बलात्कार आणि हत्यांच्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना देहदंड झाला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांचा देहदंड योग्य मानला. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ते तुरुंगात जिवंत होते, म्हणून चूक सुधारता आली. त्या सहा जणांवर अन्याय झालाच. पण मारल्या गेलेल्यांवरही दुसऱ्यांदा अन्याय झाला, कारण खरे गुन्हेगार मोकळेच राहिले.

यातून काय निष्पन्न होते? राष्ट्राच्या मुळावर उठणारे आणि माणुसकीला काळिमा फासणारे अपवादात्मक गुन्हे यांच्यासाठी देहदंडाची तरतूद कायद्यात असणे समर्थनीय आहे. परंतु तिचा आधार संशयाला जागा न ठेवणारा पुरावाच असला पाहिजे. जनक्षोभ हा पुरावा नव्हे. उर्वरित प्रकरणांत जन्मठेप ही खऱ्या अर्थाने जन्मठेप असावी. गुन्हेगाराला धाक बसतो तो शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिच्या अटळपणाचा. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांचे स्मरण महाराष्ट्र आजही करतो. ते प्रायश्चित्त अमलात आले नाही. तरीही सत्ताधीशालाही न्याय तोच, हे निर्भयपणे सांगितले गेले. त्या निर्भयतेतच न्यायाचे तेज आहे.

ही निर्भयता केवळ न्यायाधीशांकडून अपेक्षिणे मात्र पुरेसे नाही. फाशीची मागणी करणाऱ्या मोर्चात हजारो येतात. न्यायालयात साक्ष द्यायला मात्र शेजारीही कचरतो. साक्षीदार फिरतात, खटला ढासळतो आणि मग न्यायव्यवस्थेला दोष दिला जातो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. पीडितांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. या गोष्टी वस्त्यांपर्यंत पोहोचविणे, साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहणे, मृताच्या मुलांचे शिक्षण थांबू न देणे, हे कार्य संघटित समाजच करू शकतो. दंड देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. दंडाला पात्र कोण, हे सत्य राज्यापुढे निर्भयपणे मांडणे हे समाजाचे कर्तव्य आहे. त्यात समाज उणा पडला, तर फासाचा दोरही न्याय देऊ शकणार नाही.