लक्षाचा बाजार आणि विद्यार्थ्याचे मन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



विद्यापीठातील मुले तासन्‌तास मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतात, ही तक्रार आपण सारेच करतो आणि मुलांना संयम नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. हे निदान अपुरे आहे. शिवाय ते खऱ्या लाभधारकांना नामानिराळे ठेवते.

माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मिळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. जे दुर्मिळ, त्याला भाव येतो. समाजमाध्यमे फुकट मिळतात, कारण तेथे विकले जाते ते वापरणाऱ्याचे लक्ष. गिऱ्हाईक असतो जाहिरातदार.

हे लक्ष खिळवायचे कसे? दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबूतर कळ टोचतच राहते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवले. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. फेसबुकवर २००९ मध्ये आलेल्या ‘लाइक’चेही तेच : पसंती केव्हा आणि किती येईल, हे अनिश्चित, म्हणून पुनःपुन्हा पाहणे आले.

पण विद्यार्थीच यात एवढा का सापडतो? मराठवाड्यातून पुण्यास शिकायला आलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. घर सुटलेले, नवी मैत्री जुळायची आहे, इंग्रजीचा संकोच, नोकरीची शाश्वती नाही. समवयस्कांच्या पसंतीची भूक, मागे पडण्याचे भय, एकटेपणा आणि चिंतेपासून घटकाभर सुटका, या चारही गरजा फोन तात्पुरत्या भागवतो. चिंतेचे कारण मात्र जागच्या जागी राहते.

म्हणून बंदी हे उत्तर नव्हे. शिष्यवृत्तीचा अर्ज, टिपणे, आईशी बोलणे, सारे त्याच फोनवर आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात, मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारे कलम आहे. पण ‘मूल’ म्हणजे १८ वर्षांखालील. विद्यापीठाच्या उंबरठ्यावरच हे संरक्षण संपते! ते पुढेही लागू करा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

त्याच वेळी रात्री उघडी राहणारी वाचनालये, वसतिगृहे, मैदाने आणि अभ्यासमंडळे उभी करणे हे आपले काम आहे. ज्याला माणसांत जागा मिळत नाही, तो ती पडद्यावर शोधतो. ती जागा देणे आपल्या हाती आहे.